प्रतिकृती-रेल्वेतील संबोधन आणि आज्ञार्थ

गोंदियाहून दक्षिणेस चांदा फोर्टकडे व पुढे बल्लारशाहकडे जाणारा लोहमार्ग नागझिऱ्याच्या अरण्याच्या पूर्वेकडून, हिरडामाली, सौंदड, अर्जुनी, वडसा अशी ठाणी घेत जातो. आज तो रुंदमापी आहे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात त्याचे रूपांतर होईपर्यंत मात्र त्यावर दोन फूट सहा इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर अंतराच्या रुळांवरील छोटी गाडी धावत असे. बंगाल-नागपूर रेल्वेने या प्रदेशात विणलेल्या अरुंदमापी मार्गांच्या जाळ्याचा हा एक धागा होता. त्याच जाळ्यातील जबलपूर–नैनपूर मार्गावरील छोटी गाडी २०१५ मध्ये आणि नागपूर–नागभीड मार्गावरील २०१९ मध्ये थांबली. नागपुरास मोतीबागेतील अरुंदमापी रेल्वेच्या संग्रहालयात त्या काळची इंजिने व डबे पाहावयास मिळतात. परंतु उभे इंजिन गाडी कशी दिसत होती एवढेच सांगते. ती कशी चालविली जात होती, हे सांगत नाही. ते दाखवावयाचे तर चालती प्रतिकृती हवी. आणि चालती प्रतिकृती म्हटली की तिला वीज कशी पुरवावी व तिला आज्ञा कशी द्यावी, हे दोन प्रश्न लगोलग उभे राहतात.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने या प्रश्नांत लक्ष का घालावे, अशी शंका वाचकांस येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर असे की, ज्या पद्धतीने हे दोन प्रश्न आज एकत्र सोडविले जातात, त्या ‘डिजिटल कमांड कंट्रोल’ ऊर्फ डीसीसी पद्धतीत रुळांतून केवळ शक्ती वाहत नाही, तर वाक्ये वाहतात. ती वाक्ये फार तोकडी असतात, पण त्यांना रचना असते. त्या रचनेत कोणास बोलावयाचे आणि काय करावयास सांगावयाचे हे दोन भाग वेगळे ओळखता येतात. यंत्रांच्या संकेतांस सरसकट ‘भाषा’ म्हणण्याची जी प्रथा पडली आहे, ती कितपत सार्थ आहे हे तपासावयाचे असेल, तर इतके छोटे, संपूर्ण आणि डोळ्यांपुढे चालणारे उदाहरण दुसरे मिळणे कठीण.

प्रथम मापाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण त्यात एक गंमत दडली आहे. महाराष्ट्रातील पुष्कळ वाचकांनी लघुरूप रेल्वे पाहिली असेल ती पुण्यास कोथरूड येथील जोशी यांच्या संग्रहालयात. भाऊसाहेब जोशी यांच्या छंदातून उभे राहिलेले हे संग्रहालय १९९८ मध्ये लोकांस खुले झाले. अशा छंदात जगभर सर्वाधिक रूढ असलेले प्रमाण १:८७ हे होय, आणि त्या प्रमाणाचे बाजारात मिळणारे रूळ १६.५ मिलिमीटर अंतराचे असतात, कारण युरोपातील १४३५ मिलिमीटरचे माप ८७ ने भागले असता तेवढेच येते. आपली रुंदमापी १६७६ मिलिमीटरची. तिला ८७ ने भागले तर १९.२६ येतात. म्हणजे भारतीय रुंदमापी गाडी तयार रुळांवर चालवावयाची तर जवळजवळ पावणेतीन मिलिमीटरचा खोटेपणा पत्करावा लागतो. उलट ७६२ ला ८७ ने भागले तर ८.७६ येतात, आणि त्याहून लहान प्रमाणाच्या गाड्यांसाठी ९ मिलिमीटरचे रूळ कोठेही तयार मिळतात. तेव्हा गोंदिया जंक्शनची मांडणी कोणी केलीच, तर त्यात मोठी गाडी अंमळ खोटी आणि छोटी गाडी जवळजवळ खरी ठरेल. पुढील विवेचनासाठी आपण अशीच एक मांडणी मनात धरू: एका टोकास गोंदिया, मध्ये सौंदड, दुसऱ्या टोकास अर्जुनी, एकेरी मार्ग, सौंदडास गाड्यांच्या अदलाबदलीसाठी एक जास्तीचा रूळ, आणि चार इंजिने. मालगाडीच्या डब्यास मराठीत ‘वाघीण’ म्हणतात. इंग्रजी ‘वॅगन’ला आपल्या जिभेने ओळखीच्या शब्दाचे रूप दिले, ते हे. नागझिऱ्याच्या शेजारच्या मार्गावरून वाघिणी जात असत, असे लिहिताना मात्र कोणत्या वाघिणी हे सांगणे भाग पडते!

जुनी पद्धत सरळ विजेची. दोन रुळांपैकी एकास धन व दुसऱ्यास ऋण अग्र जोडावे; चाकांवाटे वीज इंजिनातील मोटारीस पोहोचते; दाब वाढविला की वेग वाढतो, अग्रे उलटी केली की गाडी उलटी जाते. यात समजण्यासारखे काही नाही आणि बिघडण्यासारखेही फारसे नाही. दोष एवढाच की, आज्ञा रुळास दिली जाते, इंजिनास नव्हे. त्या रुळावर दोन इंजिने असली तर दोन्ही निघतात. सौंदडास एक गाडी थांबवून दुसरी पुढे काढावयाची तर रूळ कापून त्याचे तुकडे पाडावे लागतात आणि प्रत्येक तुकड्यास निराळे बटण लावावे लागते. चार इंजिनांच्या मांडणीस अशी दहाबारा बटणे सहज लागतात, आणि चालविणाऱ्याचे लक्ष गाडीवरून उडून बटणांवर खिळते. शिवाय थांबलेल्या गाडीचे दिवे विझतात, कारण थांबणे म्हणजेच वीज नसणे.

व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर या पद्धतीत क्रियापद आहे, पण संबोधन नाही. वर्गात शिरून कोणाचे नाव न घेता ‘उठ’ म्हणावे आणि सारा वर्ग उठावा, तसा हा प्रकार आहे. प्रत्येक मुलास निराळ्या खोलीत बसविल्याशिवाय एकट्यास उठविता येत नाही.

संबोधनाची सोय करण्याचे प्रयत्न बरेच जुने आहेत. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीची १९६० नंतरच्या काही वर्षांतली ‘अ‍ॅस्ट्रॅक’ पद्धती पाच गाड्या स्वतंत्रपणे चालवू शके. इंग्लंडातील हॉर्नबी कंपनीने १९७९ मध्ये ‘झीरो वन’ आणली. तिच्यात सोळा इंजिनांची सोय होती. पण या सर्व एकेका कारखान्याच्या खाजगी बोली होत्या. एकाचे इंजिन दुसऱ्याच्या यंत्राचे ऐकत नसे, आणि कारखान्याने पद्धती बंद केली की तिचे भाषकही मुके होत. जर्मनीतील बेर्न्ड लेन्झ यांच्या संस्थेने विकसित केलेल्या पद्धतीचा आधार घेऊन अमेरिकेतील ‘नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन’ने १९९४ मध्ये खुले प्रमाण ठरविले, तेव्हा प्रथम या क्षेत्रास प्रमाणभाषा लाभली. आज निरनिराळ्या देशांतील निर्माते जे डिकोडर बनवितात, ते एकाच रुळांवर एकाच यंत्राच्या आज्ञा पाळतात. प्रमाणीकरण झाले ते मात्र रुळांवरच्या बोलण्याचे. हातातील नियंत्रक आणि मुख्य यंत्र यांच्यामधले बोलणे अद्यापही ज्याचे त्याचे निराळे आहे. म्हणजे घराबाहेर प्रमाणभाषा आणि घरात ज्याची त्याची बोली, हा आपल्या परिचयाचा प्रकार येथेही आहेच.

आता मूळ रचना पाहू. डीसीसीमध्ये रुळांवर नेहमी पूर्ण दाब असतो; १:८७ प्रमाणाच्या मांडणीत साधारण १४ ते १६ व्होल्ट. तो सरळ नसतो, सारखा उलटसुलट होत असतो: क्षणभर पहिला रूळ धन, क्षणभर दुसरा. हे उलटणे घरातील विजेप्रमाणे ठरावीक लयीत होत नाही. त्याची लय मुद्दाम बदलली जाते आणि त्या बदलातच मजकूर असतो. प्रत्येक इंजिनात नखाएवढा किंवा त्याहूनही लहान डिकोडर बसविलेला असतो. तो दोन कामे करतो. उलटसुलट वीज सरळ करून घेऊन, स्वतःस मिळालेल्या आज्ञेनुसार ती अतिशय लहान तुकड्यांनी मोटारीस देतो. आणि त्याच वेळी लय ऐकत राहतो. तुकडे लांब केले की वेग वाढतो, आखूड केले की घटतो. रुळांतील दाब मात्र कधीच बदलत नाही, म्हणून उभ्या गाडीचे दिवेही जळत राहतात.

या लयीचे एकक दोन प्रकारचे आहे. धन-ऋणाचे प्रत्येक अर्धे आंदोलन ५८ मायक्रोसेकंद टिकले (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दशलक्षावा भाग) तर ते ‘१’. १०० किंवा अधिक टिकले तर ते ‘०’. छंदःशास्त्र जाणणाऱ्या वाचकास हे नवे वाटू नये. आखूड ते लघु, लांब ते गुरू. लघूच्या दुप्पट गुरू हे आपले प्रमाण येथे तंतोतंत पाळलेले नाही, पण तत्त्व तेच: अर्थ मात्रेत आहे, सुरात नाही. लघु-गुरूंच्या सर्व संभाव्य जुळण्या क्रमाने मांडण्याची रीत पिंगलाच्या परंपरेत ‘प्रस्तार’ म्हणून प्रसिद्ध आहे. डीसीसीचा संदेश हा त्या प्रस्तारातील एक ओळ होय, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती नव्हे. कोणता रूळ धन व कोणता ऋण यावर काहीच अवलंबून नसल्यामुळे इंजिन उलटे ठेवले तरी त्याला संदेश तसाच ऐकू येतो. वृत्त वरच्या पट्टीत म्हटले काय किंवा खालच्या, ते बदलत नाही.

एक संपूर्ण संदेश उदाहरणादाखल घेऊ. तीन क्रमांकाच्या इंजिनास अठ्ठावीस पायऱ्यांपैकी तेराव्या पायरीच्या वेगाने पुढे जाण्यास सांगावयाचे आहे. प्रथम किमान चौदा ‘१’ ओळीने येतात. त्यांना स्वतःचा अर्थ नाही. ‘ऐका हो ऐका’ म्हणून दवंडीवाला हलगी वाजवितो, त्या जातीचे हे आहे. नंतर एक ‘०’ येतो, म्हणजे हलगी संपली. मग आठ चिन्हांचा पत्ता: ००००००११, म्हणजे तीन. पुन्हा एक विभाजक ‘०’. मग आज्ञा: ०११०१०००. यातील पहिली दोन चिन्हे ‘ही वेगाची आज्ञा आहे’ असे सांगतात, तिसरे दिशा सांगते (१ म्हणजे पुढे), उरलेली पाच मिळून तेरावी पायरी होते. पुन्हा विभाजक, मग तपासणीचे आठ अंक: ०११०१०११. शेवटी एक ‘१’, म्हणजे पूर्णविराम. सारी बेचाळीस चिन्हे. त्यांत लघु पंचवीस व गुरू सतरा. प्रत्येक लघूस ११६ आणि प्रत्येक गुरूस २०० मायक्रोसेकंद धरले तर एका वाक्यास ६.३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे एका सेकंदात सुमारे दीडशे वाक्ये.

मराठीत हे वाक्य ‘तीन, पुढे, तेरा’ असे होईल. मराठीचा एकवचनी आज्ञार्थ हा मुळात निव्वळ धातू असतो: जा, थांब, कर. प्रत्यय नाही, काळ नाही. संबोधनाचेही वाक्यातील इतर पदांशी नाते सैल असते. पाणिनीने त्यास कारकांत स्थान दिले नाही, प्रथमेनेच ते व्यक्त होते असे म्हटले. म्हणजे संबोधन आणि आज्ञार्थ ही दोन्ही भाषेतील सर्वांत कमी व्याकरणाची रूपे आहेत, आणि डीसीसीने नेमकी हीच दोन उचलली आहेत. तिच्यात प्रश्न नाही, भूतकाळ नाही, ‘जर-तर’ नाही. नकारही नाही, कारण ‘थांब’ म्हणजे वेगाची शून्यावी पायरी, दुसरे काही नव्हे. शून्य या पत्त्यावर पाठविलेली आज्ञा सर्व इंजिनांस लागू होते. ते आपले ‘गड्यांनो’. दोन इंजिने एकाच गाडीस जोडली तर त्या जोडीस मिळून एक तात्पुरता पत्ता देता येतो.

तपासणीच्या आठ अंकांकडे थोडे अधिक लक्ष द्यावयास हवे. पत्ता, आज्ञा आणि तपासणी या तीन ओळी एकाखाली एक लिहिल्या तर प्रत्येक उभ्या रांगेत ‘१’ची संख्या समच यावी, अशा बेताने तिसरी ओळ ठरविलेली असते. वरील उदाहरणात वाचकांनी ती ताडून पाहावी. चाक धुळीवरून गेल्यामुळे एखादे चिन्ह चुकले तर ती रांग विषम होते आणि डिकोडर ते वाक्य टाकून देतो. अर्धवट ऐकलेल्या आज्ञेवर तो वागत नाही. एकाच रांगेत दोन चुका झाल्या तर मात्र ही युक्ती फसते. खऱ्या रेल्वेतही याच हेतूची एक जुनी प्रथा आहे. दोन स्टेशनमास्तर, किंवा स्टेशनमास्तर आणि फाटकवाला, दूरध्वनीवर गाडीविषयी ठरवितात तेव्हा आपापल्या तक्त्यातील एक खाजगी अंक एकमेकांस देतात व तो लिहून ठेवतात. त्या अंकाचा गाडीच्या वेळेशी किंवा क्रमांकाशी संबंध नसतो. निरोप खरोखरच पोहोचला व मान्य झाला, एवढेच तो सांगतो.

आता एक अडचण येते. डिकोडर वाक्य टाकून देतो, पण ‘ऐकू आले नाही, पुन्हा सांगा’ असे तो सांगू शकत नाही. यावर उपाय एकच, तो म्हणजे पुनरुक्ती. मुख्य यंत्र प्रत्येक इंजिनाची चालू आज्ञा आळीपाळीने पुन्हा पुन्हा उच्चारत राहते. ‘तीन, पुढे, तेरा’ हे वाक्य आपण एकदाच नियंत्रकाची चकती फिरवून म्हटलेले असले तरी रुळांवर ते सतत चालू असते. एखादे निसटले तरी पुढचे सापडते, आणि मधल्या काळात डिकोडर शेवटची आज्ञा ध्यानात ठेवून चालतो.

आणि कोणतेही इंजिन चालू नसेल, कोणासच काही सांगावयाचे नसेल, तेव्हा? तेव्हाही रूळ गप्प राहू शकत नाहीत, कारण येथे वीज आणि वाणी या दोन गोष्टी नाहीतच. जी लय मजकूर वाहते, तीच दिव्यांस व डिकोडरांस शक्ती देते. लय थांबली तर सगळे अंधारात जाईल. म्हणून यंत्र २५५ या पत्त्यावर एक रिकामे वाक्य पाठवीत राहते. हा पत्ता कोणत्याही इंजिनास दिलेला नसतो. मालिनोव्स्की यांनी १९२३ मध्ये अशा बोलण्याचा विचार केला होता, ज्यात माहिती नसते, फक्त संबंध राखला जातो. ‘काय, बरं आहे ना?’ हे त्यातले. त्याचे इतके शुद्ध उदाहरण माणसांत सापडणार नाही. माणूस निरर्थक बोलला तरी समोर कोणीतरी असतो.

दिशेचा प्रश्न भाषाशास्त्राच्या दृष्टीने मला सर्वांत मोलाचा वाटतो. सरळ विजेच्या पद्धतीत दिशा रुळांची असते: उजवा रूळ धन झाला की गाडी अर्जुनीकडे, ऋण झाला की गोंदियाकडे; मग इंजिनाचे तोंड कोठेही असो. डीसीसीत दिशा इंजिनाची असते: ‘पुढे’ म्हणजे त्याच्या स्वतःच्या तोंडाच्या बाजूस. जगातील भाषांमध्येही हा भेद आहे. ऑस्ट्रेलियातील गूगू यिमिथिर ही भाषा बोलणारे ‘डावा’, ‘उजवा’ असे न म्हणता उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम या दिशांनीच जवळच्या वस्तूंचीही जागा सांगतात. मराठीत दोन्ही रीती आहेत. वाड्यात ‘पुढचे दार’, ‘मागचे दार’ म्हणणारा माणूस शेतात ‘उगवतीचा बांध’, ‘मावळतीचा बांध’ म्हणतो. रेल्वेच्या कारभारातही ‘अप’ आणि ‘डाऊन’ ही मार्गाची विशेषणे होत, इंजिनाची नव्हेत. म्हणून डीसीसीवर चालविणाऱ्यास दोन्ही रीतींचा मनात सतत मेळ घालावा लागतो: गाडी डाऊन आहे, पण इंजिन उलटे जोडलेले आहे, तेव्हा त्याला ‘मागे’ म्हणावे लागेल. नवख्याची पहिली चूक बहुधा येथेच होते. खऱ्या इंजिनचालकास हा हिशेब रोजचाच असे.

डिकोडर विकत घेतला तर त्याचा पत्ता रिवाजाप्रमाणे तीन असतो. म्हणजे चार नवी इंजिने रुळांवर ठेवली तर चारही एकाच हाकेस ओ देतील. म्हणून प्रत्येकास प्रथम नाव द्यावे लागते. पत्ते १ ते १२७ पर्यंत लहान असतात. त्यापुढे १०२३९ पर्यंत मोठे देता येतात, म्हणजे इंजिनावर रंगविलेला चार अंकी क्रमांकच त्याचे नाव होऊ शकतो. डिकोडरमध्ये अनेक घरे असतात आणि प्रत्येक घरात एक संख्या असते. पहिल्या घरात पत्ता, दुसऱ्यात गाडी हलण्यासाठी लागणारा किमान दाब, तिसऱ्यात वेग वाढविण्याचा संथपणा, चौथ्यात वेग घटविण्याचा. तिसऱ्या घरातील संख्येस ०.८९६ ने गुणले की स्थिर अवस्थेतून पूर्ण वेगास पोहोचण्यास लागणारे सेकंद मिळतात. तेथे ३० लिहिले तर सुमारे सत्तावीस सेकंद. छोटी गाडी चालविताना हा आकडा मोठाच ठेवावा. रांगेत डबे लागलेले जुने इंजिन एका क्षणात पळू लागले तर खेळणे खेळणेच राहते.

ही घरे लिहिण्यासाठी वेगळा रुळाचा तुकडा ठेवतात, आणि तेथे, केवळ तेथेच, मूळ पद्धतीत इंजिन उत्तर देऊ शकते. यंत्र विचारते, ‘पहिल्या घरात तीन आहे काय?’ असल्यास डिकोडर सुमारे सहा मिलिसेकंद किमान ६० मिलिअँपिअर जास्तीचा प्रवाह ओढतो, बहुधा मोटारीस किंचित झटका देऊन. नसल्यास तो काहीच करीत नाही. म्हणून वर ‘डीसीसीत प्रश्न नाही’ असे जे म्हटले, त्यास हा एक अपवाद नोंदवावयास हवा. पण तो प्रश्न असा की ज्यास केवळ ‘हूं’ किंवा मौन एवढीच उत्तरे शक्य आहेत. नंतरच्या काळात लेन्झ यांनीच वाक्यांच्या मध्ये क्षणमात्र वीज तोडून त्या पोकळीत इंजिनांस बोलू देणारी ‘रेलकॉम’ ही पुरवणी दिली. तिच्यामुळे चालत्या गाडीवरील इंजिनही आपला पत्ता व वेग कळवू शकते.

वीजपुरवठ्याची बाजू तुलनेने रूक्ष आहे, पण तिच्यातच धोका आहे. मुख्य यंत्राने रचलेल्या वाक्यांना पुरेशी शक्ती देणाऱ्या भागास बूस्टर म्हणतात. तो बहुधा ३ ते ५ अँपिअर देतो. पाच अँपिअर व पंधरा व्होल्ट म्हणजे पंचाहत्तर वॉट. ज्या ठिकाणी जोड सैल आहे त्या एका बिंदूवर एवढी उष्णता साचली तर प्लास्टिकचे डबे वितळतात. रुळांतून लांबवर वीज नेण्याचा भरवसा धरू नये, फिशप्लेटचे सांधे गंजतात व विरोध वाढवितात. मांडणीखालून तांब्याच्या जाड तारांची जोडी न्यावी आणि प्रत्येक रुळास तिच्यापासून बारीक तार वर आणावी. दीड चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा विरोध मीटरला साधारण ०.०१२ ओहम असतो. पाच मीटर जाऊन परत यावयाचे म्हणजे दहा मीटर, आणि पाच अँपिअर प्रवाहास त्यात सुमारे ०.६ व्होल्ट खर्ची पडतात. एवढे चालते. तारा बांधून झाल्यावर मांडणीच्या दूरदूरच्या प्रत्येक भागात दोन्ही रुळांवर आडवे नाणे ठेवून पाहावे. बूस्टरने तत्काळ वीज तोडली तर तारा ठीक. न तोडली तर विरोध इतका आहे की खरा अपघात झाला तरी त्याला तो कळणार नाही. ही कसोटी लागेपर्यंत एकही इंजिन रुळांवर ठेवू नये. ज्यांना परदेशी यंत्र परवडत नाही त्यांच्यासाठी आर्डुइनो नावाच्या स्वस्त मंडलावर चालणारी ‘डीसीसी प्लस प्लस’ ही खुली रचना उपलब्ध आहे, आणि ती तीच प्रमाणभाषा बोलते.

एका गोष्टीकडे मात्र या पद्धतीचे समर्थक पुरेसे लक्ष देत नाहीत, असे मला वाटते. जुन्या मांडणीत ज्या तुकड्यास वीज नाही, तेथे दुसरी गाडी शिरूच शकत नसे. बटणांची ती कटकट हाच तिचा पहारेकरी होता. डीसीसीत सगळे रूळ सदैव जिवंत असतात. गोंदियाहून निघालेली तीन क्रमांकाची गाडी आणि अर्जुनीहून निघालेली सात क्रमांकाची गाडी, दोघी आपापल्या आज्ञा निर्दोषपणे पाळीत सौंदडच्या अलीकडे समोरासमोर आदळतील. कारण ‘तीन, पुढे, तेरा’ या वाक्यात मार्गाविषयी अवाक्षर नाही. आज्ञा पोहोचली, ती समजली, ती पाळली गेली, आणि तरी अपघात झाला.

खऱ्या एकेरी मार्गावर हा प्रश्न आज्ञेने नव्हे, परवानगीने सोडविला जात असे. दोन ठाण्यांत एकमेकांशी विजेने जोडलेली यंत्रे असत. पुढच्या ठाण्याने ‘लाइन क्लिअर’ दिल्याशिवाय मागच्या ठाण्याच्या यंत्रातून धातूचा गोळा बाहेर पडत नसे, आणि एक गोळा बाहेर असताना दुसरा कोणत्याही टोकास निघत नसे. तो गोळा चामड्याच्या पिशवीत घालून कड्याने चालकाच्या हाती दिला जाई. तो हाती आला तरच मार्ग त्याचा. म्हणजे तेथे प्रश्न होता, उत्तर होते, संमती होती, आणि संमतीची खूण हातात धरता येत होती. डीसीसीच्या वाक्यात जे जे नाही असे वर म्हटले, ते सगळे तेथे होते.

म्हणून आपल्या कल्पित मांडणीवर चार इंजिनांस चार नियंत्रक देऊन भागणार नाही. गोंदिया, सौंदड आणि अर्जुनी येथे तीन माणसे स्टेशनमास्तर म्हणून बसवावी लागतील, शक्यतो एकमेकांस रूळ दिसणार नाहीत अशी. त्यांनी एकमेकांस विचारावे, उत्तर परत म्हणून दाखवावे, वहीत वेळ व अंक लिहावा, आणि मगच लाकडी गोळा चालकाच्या हाती द्यावा. रुळांस बटणांचे तुकडे पाडण्याची जी गरज डीसीसीने संपविली, तिची जागा या बोलण्याने भरून काढावी लागते. अशा खेळात पहिल्या तासाभरात गाड्या फारशा हलत नाहीत. सौंदडचा मास्तर उत्तर द्यावयास विसरतो, अर्जुनीचा गोळा खिशात ठेवून चहास जातो, आणि रुळांवर यंत्र आपले ‘तीन, पुढे, शून्य’ सेकंदास कित्येक वेळा म्हणत, दिवे तेवत ठेवून, वाट पाहत राहते.